तुळईतला वाख

आबा,

गेल्या महिन्यात मी गोठ्यावरची ती तुळई कापली. कळमनुरीच्या जळक्या गोदामातून तुम्ही गाडीला बांधून आणलेली, आणि कुणालाही हात लावू न देता स्वतः भिंतीत बसवलेली. वेळच आली नसती तर मी ती कापली नसती, एवढं धैर्य माझ्यात नव्हतं. यंदाच्या पावसाळ्यात आम्ही घर बंद करून पलीकडं वऱ्हाडात, तुमच्या सुनेच्या माहेरी जाऊन राहिलो होतो. आपल्या मुलखात दिवस वाईट होते, एवढंच लिहितो. तुम्ही असता तर तुम्हीही निघाला असता. परत आलो तेव्हा राज्य बदललेलं होतं, आणि गोठ्याची पावसाकडची भिंत बसलेली होती. भिंत उतरवायला घेतली तशी तुळईचं टोक उघडं पडलं. जे टोक तुम्ही मातीत गाडून टाकलं होतं, तेच.

या वर्षानं सगळ्यांना एक खोड लावली आहे. माणूस समोर आला की राम राम घालायच्या आधी मन विचारतं, त्या दिवसांत हा कुठं होता, कुणाच्या ओट्यावर बसत होता. पारावरची माणसं बोलतात एकमेकांशी आणि बघतात एकमेकांच्या हातांकडं. मला या खोडीचं नवल वाटलं नाही. मी अशा नजरेनं एका माणसाकडं बारा-तेरा वर्षं बघत आलो आहे, आणि त्यातली बहुतेक वर्षं तो माणूस या जगात नाही. आबा, तो माणूस तुम्ही.

आपलं घर गाड्या करणाऱ्यांचं. पुढच्या छपरीत चाकांचे तुंबे, आरे, जोखडं यांचे ढीग असायचे. बाभळीच्या ओल्या लाकडाचा आंबूस वास, आणि त्याच्यावर बसलेला एरंडेलाचा वास. तो पार चुलीपर्यंत जायचा. आई म्हणायची, या घरात भाकरीसुद्धा वंगण लावल्यासारखी तव्यावरून उतरते. तुमचा एक नियम होता, लोखंड लाकडात शिरणार असेल तर ते कोरडं शिरू द्यायचं नाही. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, पिंजायचा, एरंडेलात चांगला भिजवायचा, आणि लोखंडी आखाभोवती गुंडाळून मगच आख चाकाच्या मधल्या तुंब्यात घालायचा. म्हणजे चाक कुरकुरत नाही, लोखंड गंजत नाही, वाळवी भोकाकडं फिरकत नाही. माझं लग्न झालेलं होतं, मी कर्ता झालो होतो, तरी एकदा घाईत मी आख कोरडाच बसवला. कुरुंद्याचं गिऱ्हाईक समोर बसलेलं. तुम्ही उठलात, चाक उतरवलंत आणि माझ्या पुढ्यात टाकलंत.

"वंगण कुठाय?"

"संध्याकाळी घालणार होतो, आबा."

"संध्याकाळी तू जेवशील. याला आताच तहान लागली हाय."

गिऱ्हाईक तंबाखू चोळत म्हणालं, "असू द्या हो सुतार. पोरगं नवं हाय."

"नवं कसलं? मिशा आल्या त्याला," तुम्ही म्हणालात, आणि वाखाचं मडकं माझ्याकडं सरकवलंत. तेव्हापासून मी एकही चाक कोरडं बसवलेलं नाही. आजही बसवत नाही. चाकाच्या बाबतीत तुमचं म्हणणं खरंच होतं.

पुढं कळमनुरीच्या बाजारातल्या एका कापूस व्यापाऱ्याला आपलं गोदाम वाढवायचं होतं. त्याचा जुना भाग सगळा लाकडाचा, सांध्यांना सागाच्याच खुंट्या ठोकलेला. नवा भाग त्याला हिंगोलीच्या स्टेशनाजवळच्या शेडींसारखा हवा होता, म्हणजे तुळया आणि छपराच्या कैच्या लोखंडी पट्ट्यांच्या चिमट्यात धरून बोल्टांनी आवळलेल्या. दुसरा एखादा गाड्यांचा सुतार हे ऐकून मागं सरला असता. तुम्ही खूष झालात. पहिली पट्टी घडून आली तेव्हा नव्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात तुम्ही तिच्यावरून फिरवलात. पट्ट्या घडवल्या होत्या आपल्याच गावच्या लोहारकाकांनी. तुमच्या बरोबरीचा माणूस, लहानपणापासूनचा सोबती. चाक तुम्ही करायचं आणि त्याच्यावर लोखंडाची धाव त्यांनी चढवायची, असं दोघांचं आयुष्य एका चाकावर चाललेलं. मी त्यांना काका म्हणायचो, आणि ते मला सणाला गूळ द्यायचे.

बोल्ट हिंगोलीहून आले. भोकं पाडायचा तुमचा गिरमिट त्यांच्यापेक्षा जरा जाड निघाला. तुळईला पाडलेल्या भोकात बोल्ट खुळखुळू लागला. तुम्ही वर बसून क्षणभर त्याच्याकडं पाहिलंत आणि मला हाक मारलीत, "मडकं आण." मी आणलं. तुम्ही बोल्टाला वाख गुंडाळायला लागलात, आणि काका खालून ओरडले.

"सुतारा, काय करून राहिला रे? गोदाम हाय ते, गाडी न्हाई."

"लोखंड हाय ना? मग वंगण लागतंच."

"आन उद्या हे गडगडत हिंगोलीला गेलं म्हंजे?"

"जाऊ दे की. शेटजीला बैल जुंपायची तकलीफ न्हाई."

व्यापारीही हसला. त्या दिवशी प्रत्येक सांध्यात वाख गेला. भोक भरून, ठासून. उरलेलं एरंडेल तुम्ही वाया घालवलं नाहीत, तेही भोकांत सोडलंत, लाकूड पिईल तेवढं. मी खाली मडकं धरून उभा होतो आणि मला तुमचा अभिमान वाटत होता. इतकं जपून काम कोण करतं?

आग लागली तो बाजाराचा दिवस होता, भर दुपारची वेळ. कुणी म्हणालं चिलमीची ठिणगी, कुणी म्हणालं दाबून ठेवलेला ओला कापूस आतल्या आत उबला. ते कधी कळलं नाही. तुम्ही, मी आणि काका, तिघंही बाजारातच होतो. आपण धावलो तेव्हा जुन्या बाजूला ज्वाळा आढ्यापर्यंत पोचल्या होत्या. नव्या बाजूला धग होती, धूर होता, भिंतीच्या कडेनं आग वर चाटत होती, पण तुळया नुसत्या काळ्या पडलेल्या दिसत होत्या. हमाल गाठी बाहेर ओढत होते. त्यांच्यात तांड्यावरचा एक जवान गडी होता. तीन-चार खेपा करून तो दारात आला, गमछा तोंडावरून काढला आणि वर बोट दाखवून त्यानं तुम्हाला विचारलं, "सुतारबाबा, वरचं धरंल का?"

हे मी या वर्षात किती वेळा डोळ्यांपुढं आणलं असेल. तुम्ही डोळ्यांवर हात धरून वर बघत आहात. घाई करत नाही. एक तुळई, मग दुसरी, टोकापासून टोकापर्यंत. आणि मग सुतारानं द्यावं तसं उत्तर देता.

"धरंल. लाकूड अजून शाबूत हाय. आणिक एक खेप काढ."

तो गेला. लाकूड मोडतं तेव्हा आधी ओरडतं, हे तुम्हीच मला शिकवलेलं. ही तुळई ओरडली नाही. सैल झालेला दात हिरडीतून यावा तसं तिचं टोक पट्ट्यांमधून निघून आलं, आणि तिच्यामागं कैची, पत्रे, सगळं खाली बसलं. जुना खुंट्यांचा भाग मात्र ज्वाळांत उभा होता. ऊन कलेपर्यंत उभा होता. त्याच्यातून लोकांनी नंतरही गाठी काढल्या.

त्या गड्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या तांड्याची माणसं आली होती. त्याबद्दल मी लिहीत नाही. तुम्ही तिथंच होतात.

दुसऱ्या दिवशी बाजारात एकच बोलणं. लाकूड तर जळालंच नाही, मग पडलं कसं? कुणीतरी बोल्ट ढिले केले असतील, असं आधी निघालं. पण असं कुणी का करावं, याचा धागा कुणाला सापडेना, मग बोलणं लोखंडावर आलं. व्यापाऱ्याच्या ओसरीत बैठक बसली. बाजारातल्या एका म्हाताऱ्या जाणत्यानं काकांना विचारलं, "लव्हारा, पट्ट्या कशाच्या केल्या व्हत्या?"

"लोखंडाच्या."

"लोखंड तं तव्याचं बी असतं."

दोन-चार जण हसले. काका हसले नाहीत. त्यांनी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही खांबाला टेकून बसला होतात. सगळे तुमच्याकडं बघायला लागले तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी लाकडाचा माणूस. लाकूड माझं शाबूत हाय, समद्यांनी पाहिलं. लोखंडाचं मला काय इचारता?"

यातला एक शब्द खोटा नव्हता. मी तो पुन्हा पुन्हा उलटून पाहिला आहे, रंधा मारलेली फळी डोळ्यासमोर धरून पाहावी तसा. कुठंही वाकडा नाही. पण काकांच्या चेहऱ्यावरचं जे काही होतं ते त्या वाक्यानं उतरलं, आणि पुन्हा चढलं नाही. त्यांच्या भट्टीवर लोक कमी येऊ लागले. वर्ष सरायच्या आत त्यांनी ऐरण गाडीत घातली आणि पुसेगावाला पुतण्याकडं निघून गेले. गाडी आपल्या दारावरून गेली. चाकं तुम्हीच केलेली होती. तुम्ही आत होतात.

आता मी जे पाहिलं ते लिहितो. बैठक होऊन गेली, राख थंड झाली, तेव्हा व्यापाऱ्यानं पडकं सामान ज्याला हवं त्याला न्यायला सांगितलं, आणि तुम्ही सकाळीच एकटे तिकडं गेलात. मी गाडी घेऊन मागून आलो. तुम्ही पडलेल्या तुळईच्या टोकाशी बसला होतात. बोल्ट दगडानं ठोकून काढलेला होता. तुम्ही भोकात बोट घातलंत, मग दोन बोटं. बोटं नाकाशी नेलीत. कितीतरी वेळ तशीच धरून बसलात. मग मातीत हात पुसलात, मागं पाहिलंत, आणि मी दिसलो.

"तुळई चांगली हाय," तुम्ही म्हणालात. "गोठ्याला व्हईल."

आधी माझा संशय फार वाईट होता, आबा. बोल्ट तुम्हीच ढिले केलेत असंही माझ्या मनात येऊन गेलं. ते टिकलं नाही, कारण त्या गड्याला "धरंल" म्हणताना मी तुमचं तोंड पाहिलं होतं. पण दुसरा संशय टिकला, की त्या भोकात तुम्हाला काहीतरी सापडलं. त्यानंतरच्या तुमच्या वागण्यातली प्रत्येक गोष्ट मी त्या संशयाच्या दावणीला आणून बांधली. तुळईचं ते टोक तुम्ही भिंतीत हातभर आत घातलंत, खरं तर वीतभर पुरलं असतं. पुढं कुणाच्या घराच्या कामात लोखंड आलं तर तुम्ही बोल्ट कोरडाच घातलात, आणि पट्टीवर शेण-मातीचा जाड गिलावा चढवलात. मी विचारलं, "काहून, आबा?" तुम्ही म्हणालात, "गंज लागतो." गंजाला तुम्ही तोवर एरंडेल लावत आला होतात. दर सुगीला तुम्ही एक पोतं ज्वारी तांड्यावर पाठवायचात. आईला सांगायचात, धर्म म्हणून. लोहारकाकांना मात्र कधी एक निरोप गेला नाही. आणि एक दिवस तुम्ही मला तुमचा गिरमिट दिलात. बाप मुलाला हत्यार देतो तेव्हा मुलानं ते कपाळाला लावावं. मी लावलं. पण मनात आलं की हे बक्षीस नाही, तुम्हाला ते तुमच्या हाताजवळ नको आहे.

शेवटच्या तापात तुम्ही फार बोलला नाहीत. देवाचं नाव घेतलंत, आईला जवळ बसवलंत. मला एवढंच म्हणालात, "गोठ्याची भिंत सारवत जा." लोकांना वाटलं म्हाताऱ्याचा जीव जनावरांत अडकला. मी तेव्हापासून दर वर्षी ती भिंत सारवली, आणि सारवताना दर वेळी मला वाटायचं की मी काहीतरी झाकतो आहे.

तर गेल्या महिन्यात करवत लावली. वरून तुळई नखाएवढीच जळलेली आहे. त्याच्या आत लाकूड मधाच्या रंगाचं, रेषा न् रेषा जिवंत. तुम्ही त्या गड्याला खोटं सांगितलं नव्हतं. पण बोल्टाच्या भोकाशी आलो तशी करवत हलकी झाली. काप उघडला. भोकाभोवती माझी मूठ जाईल एवढी काळी पोकळी होती, आणि एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत ती आतल्या आत जाऊन भिडली होती. बाहेरून काही दिसत नव्हतं. आत टोकाला धरून ठेवणारं लाकूडच उरलं नव्हतं. मी बोट घातलं, नाकाशी नेलं. वास आता कसला येणार? पण तुम्हाला तेव्हा कसला आला असेल ते मला कळलं.

तरी मी लगेच विश्वास ठेवला नाही. दारापुढं चर खणून विस्तव केला. सागाचे तीन ठोकळे घेतले, तिन्हींत भोक पाडून बोल्ट आणि पट्टी आवळली. एक कोरडा, एक वाख आणि एरंडेल ठासून, तिसरा कोरडाच पण लोखंडावर मातीचा गिलावा चढवून. तुमची सून पाणी घेऊन येताना थांबली.

"काय करून राहिलात? होम मांडला का?"

"पाहून राहिलो."

"काय?"

"लोखंड आगीत काय करतं ते."

"त्याला एवढी लाकडं कशाला?" ती म्हणाली. "चुलीवर उलथणं इसरलं की दांडी धरवत न्हाई. मला इचारायचं."

तिचं बरोबर होतं. आगीनं तोंड बाहेर लावलं तरी लोखंड तिला हाताला धरून आत नेतं. विस्तव उतरल्यावर तिन्ही ठोकळे मी फोडले. गिलाव्याच्या ठोकळ्यात भोकाच्या कडा नुसत्या तांबूस झाल्या होत्या. वाखाचा ठोकळा आतून पोकळ झाला होता, बोल्ट हलवला तर खळखळला. आणि कोरडा ठोकळाही, आबा, भोकाभोवती अंगठ्याएवढा जळला होता. म्हणजे तुमचं वंगण नसतं तरी ते टोक कधीतरी सुटलंच असतं. पण कधी? त्या गड्याच्या खेपेच्या आधी की नंतर? हे कुठल्याही ठोकळ्यात लिहिलेलं नाही. तीन-चार दिवस मी ते तुकडे घेऊन बसलो आणि तुमच्या वाट्याचं किती आणि लोखंडाच्या वाट्याचं किती, हे ठरवत राहिलो. मग ध्यानात आलं की ज्याला हे आधी कळायला हवं तो माणूस पुसेगावात अजून जिवंत आहे.

सोमवारी निघालो. हिंगोलीपर्यंत मोटार मिळाली, पुढं एका सरकीच्या गाडीत बसलो. गाडीवान वाटभर माझ्या पिशवीकडं बघत होता. आजकाल पिशवीत काय आहे हे विचारतही नाहीत आणि विसरतही नाहीत. काका पुतण्याच्या भट्टीपाशी भात्याची दोरी ओढत बसले होते. घाव घालणं पुतण्याकडं गेलं आहे, आणि तो त्या दिवशी विळे विकायला बाजारात गेला होता. काकांनी मला ओळखलं नाही. मी बोललो तेव्हा ओळखलं.

"आवाज बापावर गेला तुझा," ते म्हणाले. "बस. भाकर खा."

"उपास हाय, काका. सोमवार."

"तू कधीपासून देवाचा झाला? तुझा बाप तं नागनाथाला बी जत्रंतच जायचा, आन तिथंबी लोकांच्या गाड्यांची चाकं पाहत बसायचा." ते आत गेले, मूठभर शेंगदाणे आणि गूळ घेऊन आले. माझ्या पुढ्यात ठेवले. मग मी काही काढायच्या आधीच, भात्याची दोरी पुन्हा हातात घेऊन, ते बोलले.

"दोन पट्ट्या जुन्या धावंच्या व्हत्या."

मी म्हणालो, "कशाच्या?"

"गोदामाच्या. नवं लोखंड कमी पडलं. मोडक्या गाडीची धाव पडलेली व्हती, ती तापवून सरळ केली. चांगलं लोखंड व्हतं ते, नव्याहून चांगलं. तुझ्या बापालाबी सांगितलं न्हाई मी. मग ते पडलं." त्यांनी दोरी एकदा ओढली. "त्या म्हाताऱ्यानं तवा म्हणलं, तवा मला वाटलं याला कळलं. गावानं हाकललं न्हाई रे मला. मीच आलो. भाता ओढतो तवा रोज त्या दोन पट्ट्या डोळ्याफुडं येतात."

मी पिशवीतून तुळईचा काप काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडं धरला. अंगठा पोकळीत घातला आणि आतून फिरवला. लोहार माणूस, विस्तव कुठून आला आणि कुठं गेला हे त्यांना वाचता येतं. भाता थांबला होता. निखारे राखाडी व्हायला लागले.

"वाख," ते म्हणाले.

"व्हय."

"एरंडेल."

"व्हय, काका. तुमच्या पट्ट्या समद्या शाबूत व्हत्या. वाकल्याबी न्हाईत. त्या मी नंतर स्वतः पाहिल्या व्हत्या."

"मी म्हणलो व्हतो त्याला," ते हळू म्हणाले. "गाडी न्हाई ती, म्हणलो व्हतो." मला वाटलं ते हसतील. ते आपला उजवा हात उलटसुलट करून बघत होते, तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. "किती शिव्या दिल्या मी या हाताला," ते म्हणाले. मग त्यांनी मान वर केली आणि त्या बैठकीत तुमच्याकडं पाहिलं होतं तसं माझ्याकडं पाहिलं.

"त्याला ठाव व्हतं का?"

आबा, त्या क्षणी माझ्याजवळ सगळं होतं. तुमची बोटं, तो गिलावा, तांड्यावरची ज्वारी, सारवायला सांगितलेली भिंत. बारा-तेरा वर्षं मी एकेक काडी जपून ठेवली होती. जगात एकच माणूस होता ज्याला ती मोजून द्यायची होती, आणि तो समोर बसून विचारत होता.

मी म्हणालो, "न्हाई, काका. त्यांना ठाव नव्हतं."

"पाहिलं नव्हतं त्यानं हे? कधीच?"

"न्हाई. टोक भिंतीत व्हतं. मीच आता काढलं."

"मग बरं," ते म्हणाले. "ठाव असून गप बसला असता, तर मला त्याच्याशी भांडाया वर जावं लागलं असतं. आन या गुडघ्यानं चढवत न्हाई." त्यांनी भात्याची दोरी ओढली. विस्तव पुन्हा लाल झाला. थोड्या वेळानं म्हणाले, गावाला एकदा येईन म्हणतो, पुतण्याला सवड झाली की. निघताना तो काप त्यांनी परत दिला नाही, आणि मी मागितला नाही.

गावात आल्यावर मी पारावर सांगितलं की लोहाराचं लोखंड चोख होतं, दोष वंगणाचा होता. लोकांनी ऐकून घेतलं. एकानं डोळे बारीक करून विचारलं, "मग सुतारानं तवाच काहून सांगितलं न्हाई?" मी तेच उत्तर दिलं. दुसऱ्यांदा ते जास्त सहज आलं, म्हणून मला ते आणखी संशयाचं वाटलं. सोमवारचा उपास मी त्या आठवड्यात पुन्हा एकदा केला, मंगळवारी. देवाला कारण सांगितलं नाही, त्याला लागतही नसेल.

हा कागद कुठं जायचा नाही. याची मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर उद्या मी शाळेच्या दाराची मापं उतरवीन. पण एक गोष्ट लिहून मग थांबतो. पुसेगावात मला वाटलं होतं की ते खोटं मी काकांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून बोललो, आणि परतीच्या वाटेवर वाटलं की तुमची लाज राखायला बोललो. दोन्ही तितकंसं खरं नाही. ते वाक्य मला कितीतरी वर्षं कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. म्हणायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मीच म्हणालो. काकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. मी अजून ठेवलेला नाही.